मामंजींची लोकल

मामंजी आता फार दिवस आपल्यात राहणार नाहीत, हे मला कुणी सांगितलं नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि घरातल्या सगळ्यांच्या आधी पाहिलं. चिंचवडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करते. गेल्या दिवाळीनंतर माझ्या सासऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर निळे डाग दिसू लागले, आणि गोठ्यापर्यंत जाऊन आले तरी ओट्यावर मटकन बसायचे. "वय झालं, दुसरं काय," एवढंच म्हणायचे. एका सकाळी कामावर निघताना मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून बरोबरच नेलं आणि माझ्याच हातानं रक्त घेतलं. मशीनमधून पांढऱ्या पेशींचा जो आकडा बाहेर आला तो पाहून आधी वाटलं, मशीनच बिघडलं असेल. मग काचपट्टीवर थेंब पसरला, रंग दिला, वाळवला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. रक्ताच्या कॅन्सरच्या तसल्या पेशी मी त्याआधी पाहिल्या होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या घरच्या असायच्या. आमच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कोणाचं आहे हे?" मी म्हटलं, "घरचं." मॅडम स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. थोड्या वेळानं मी बाहेर गेले तर मामंजी बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेले. म्हणाले, "झालं का तुझं? मग आलोच हाय तर लोणावळ्याला येक चक्कर मारून येतो." मी "या" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. पेपरच्या ह्या पुरवणीत तुमच्या सासऱ्यांबद्दल लिहा, असं आमच्या मॅडमनीच सुचवलं. मी म्हटलं, ते कुणी मोठे नव्हते. हिंजवडीजवळच्या नेऱ्यातले शेतकरी, थोडी भातशेती, दोन म्हशी, आणि अलीकडं भाड्यानं दिलेल्या खोल्या. मॅडम म्हणाल्या, "मग तेच लिहा." तर तेच लिहितेय. ड्युटीवरून आल्यावर लिहायला बसते, दोन ओळी होतात, डोळे मिटतात... त्यामुळे हे सलग झालं नसेल तर सांभाळून घ्यावं.

मी कासारसाईची. अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन नेऱ्यात आले. तेव्हा हिंजवडीत कंपन्यांच्या इमारती नुकत्या उभ्या राहायला लागल्या होत्या आणि आमच्याकडं संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. लग्न ठरताना मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा बांधकामावर सुपरवायझर आहे आणि सासऱ्याला गाव 'ट्रामनाना' म्हणतं. त्याचा अर्थ आल्यावर कळला. मामंजी तरुणपणी मुंबईला ट्रामवर कंडक्टर होते. चौसष्ट साली मुंबईची ट्राम बंद झाली. बसवर घेत होते, पण ते गेले नाहीत, गावाला परत आले आणि नांगर धरला. ही गोष्ट गावात सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली होती की ते 'दादरला' एवढं म्हणाले की माणसं उठून तंबाखू मळायला जायची. मी नवी होते, म्हणून माझ्या वाट्याला ती जरा जास्त यायची. तांदूळ निवडता निवडता मी "मग?" म्हणायचे आणि ते खूश व्हायचे.

दोन वर्षांनी माझे हे गेले. मोटारसायकलवरून कामावर निघाले होते, वाकडच्या अलीकडं पाण्याच्या टँकरनं उडवलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. आम्हाला मूल नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर माझा भाऊ मला न्यायला आला. थोरले दीर विलासभाऊजी म्हणाले, न्या, तिचंही वय लहान आहे. कुणीतरी म्हणालं, राहू द्या, खोल्या बांधतोय, भाडेकरूंची मेस चालवेल, तिचंही पोट निघेल. ओसरीवर ही बोलणी चालली होती आणि मी आत चुलीपुढं बसून ऐकत होते. मला खरं सांगायचं तर कुठलंच काही नको होतं. फक्त सगळ्यांनी गप्प बसावं आणि मला झोपू द्यावं असं वाटत होतं. तेवढ्यात मामंजींचा आवाज आला, "आरं, तिला इचारा की कुनीतरी." कुणी विचारलं नाही. पण त्या दिवशी भाऊ एकटाच परत गेला.

पुढं काही दिवसांनी मामंजी पुण्याला कसल्याशा कामाला गेले होते ते संध्याकाळी परत आले, आणि चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. एरवी ते तिथं कधी बसायचे नाहीत. म्हणाले, "खडकीच्या फुडं गाडीतनं येक भिंत दिसती. तिच्यावर लिवलंय, रक्त-लघवी तपासनीचा कोर्स, बारावी सायन्स. तू बारावी सायन्सच न्हवं?"

"व्हय."

"तुला रक्ताची भीती हाय का?"

यांना टँकरखालून काढलं तेव्हा मी पोचले होते, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "न्हाई."

"मग बग," म्हणाले आणि चहा पिऊन उठून गेले.

कोर्स शिवाजीनगरला होता. आमच्या तालुक्यात रुळाचा एक तुकडा नाही. त्यामुळं नेऱ्यातून जीपनं जांबे, पुनावळे, रावेत करत आकुर्डी स्टेशन गाठायचं आणि तिथून लोकलनं शिवाजीनगर. तरण्या विधवेनं रोज एकटीनं एवढा प्रवास करायचा, हे तेव्हा आमच्याकडं कुणाच्या गळी उतरण्यासारखं नव्हतं. मामंजींनी त्यावर कुणाशी वाद घातला नाही. पहिल्या दिवशी धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली आणि माझ्याआधी जीपमध्ये जाऊन बसले. स्टेशनवर दोघांचे पास काढले. मी म्हटलं, "मामंजी, तुमी रोज कशाला?" तर म्हणाले, "मला तरी घरी काय काम हाय?" काम होतं. म्हशी होत्या, शेत होतं. पण त्यांनाही घरात बसवत नव्हतं, हे मला फार नंतर उमजलं.

पुणे-लोणावळा लोकल म्हणजे मुंबईसारखं काही नसतं. सकाळची गर्दी असते, पण श्वास घ्यायला जागा मिळते. वडगाव-कामशेतकडचे गवळी दुधाच्या किटल्या खिडकीच्या गजांना बाहेरून अडकवून आलेले असतात, भाजीवाल्या पाट्यांवर हात ठेवून पेंगत असतात. पहिल्या दिवशी मामंजींनी मला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः समोर बसले. पिंपरी गेलं, आणि मला रडू यायला लागलं. घरात मी नीट रडलेच नव्हते. तिथं कायम कुणीतरी असायचं, मी रडले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रडायच्या, त्या रडल्या की शेजारच्या बायका गोळा व्हायच्या. गाडीत मात्र मला कुणी ओळखत नव्हतं. पदर तोंडाला लावला तरी हुंदका ऐकू जायचा तो गेलाच. समोरचे दोघंतिघं बघायला लागले. तेव्हा मामंजींनी खिडकीकडं तोंड केलं आणि मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली, "आमच्या मुंबईला ट्राम व्हती, ट्राम. ड्रायव्हर हुबा राहून गाडी हाकायचा आन पायानं घंटा वाजवायचा..." डब्यातली माणसं माझ्याकडं बघायची सोडून त्यांच्याकडं बघायला लागली. एक गवळी म्हणाला, "बाबा, तुमी व्हता का तवा?" मग काय विचारता. दापोडीचा पूल आला, खडकी गेलं, ट्राम चालूच होती. शिवाजीनगरला उतरताना मी डोळे पुसले. ते म्हणाले, "सांजच्याला हितंच थांब, ह्या बाकापाशी."

असं रोज झालं. म्हणजे मी रोज रडले असं नाही, रडणं हळूहळू कमी झालं, पण ट्राम चालू राहिली. मला सोडल्यावर ते काय करतात हे मी एकदा विचारलं. दुसऱ्या फलाटावरून लोणावळ्याची लोकल धरायची, लोणावळ्याला चहा घ्यायचा, परत यायचं, घरनं बांधून आणलेली भाकरी शिवाजीनगरच्या बाकावर खायची, डुलकी काढायची. आठवड्यात त्यांच्या ओळखी झाल्या. कामशेतची एक भाजीवाली त्यांना मेथीची जुडी द्यायची, तिकीट तपासनीस हात वर करून पुढं जायचा. संध्याकाळी मी दमून आलेली असायचे. दिवसभर काचपट्ट्या, इंग्रजी नावं, बरोबरच्या पोरी माझ्याहून लहान आणि हुशार. परतीच्या गाडीत मी डोळे मिटायचे, आणि ते रुळांबद्दल बोलत राहायचे.

नुसत्या जुन्या आठवणी नसायच्या त्या. त्यांची मतं होती आणि ती ठाम होती. पुण्यानं रस्ते केले ही चूक केली, रूळ टाकायला पाहिजे होते. चिंचवडातून वाकड, हिंजवडी, मारुंजी करत नेऱ्यापर्यंत ट्राम आणायला काय जातं? "डांबर खचतं. रूळ खचत न्हाई," म्हणायचे. मी कधी चिडून म्हणायचे, "मामंजी, आपल्याला धड येश्टी न्हाई, ट्राम कोन आनतंय?" मग ते जरा गप्प बसायचे आणि पिंपरीहून गाडी सुटायच्या आत पुन्हा सुरू. त्यांच्या गोष्टी सगळ्या खऱ्या असतील असंही नाही. ट्रामच्या शेवटच्या दिवशी लोकांनी गाडीला हार घातले, माणसं रडत होती, असं ते रंगवून सांगायचे. एकदा मी विचारलं, तुम्ही त्या गाडीवर होतात का? तेव्हा म्हणाले, "न्हाई. त्या दिशी माझी ड्युटी न्हवती. मी खोलीवर निजून व्हतो."

गावात बोभाटा झालाच. म्हातारा सुनेला घेऊन रोज कुठं हिंडतो, असं आडून आडून सुरू झालं. एका संध्याकाळी विलासभाऊजी ओट्यावर वाट बघत बसलेले. आम्ही जीपमधून उतरलो तसे म्हणाले, "नाना, लोकं काय बोलत्यात ठावं हाय का?" मामंजी पायातल्या वहाणा काढत म्हणाले, "ठावं हाय. त्यांना म्हनावं, पास काढा आन या संगट." भाऊजी जे बोलले ते माझ्याकडं न बघता बोलले, पण ते माझ्यासाठीच होतं. मी आत गेले. आत आत्याबाई पाटावर बसल्या होत्या, समोर यांचा फोटो. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत. त्या दिवशी मात्र मामंजी आत आल्यावर त्यांना म्हणाल्या, "तुमी दोगं जाता गाडीत बसून. मी हितं त्याच्या फोटूसंगं दिसभर." मामंजी म्हणाले, "मग तूबी चल की." त्या म्हणाल्या, "मला न्हाई जायाचं कुटं." त्यानंतर मामंजींनी कितीदा तरी विचारलं असेल, सणाला, सुट्टीला, लोणावळ्याची चिक्की आणायच्या निमित्तानं. आत्याबाईंचं उत्तर तेच. आळंदी, जेजुरी सगळं त्यांनी एसटीनं केलेलं, आगगाडीत पाऊल ठेवलं नव्हतं.

मी पास झाले. नोकरी लागली ती चिंचवडलाच, आणि मग मी स्कूटी शिकले. लोकलचा संबंध खरं तर तिथं संपायला हवा होता. पण माझी साप्ताहिक सुट्टी असली की मामंजी सकाळपासून टोपी घालून तयार. मला त्या एका दिवशी नुसतं पडून राहायचं असायचं. तरी जायचे. घरी पडून राहिलं तर काहीतरी काम निघायचंच, आणि गाडीत निदान बसायला मिळायचं.

अशाच एका फेरीत, तळेगावच्या पुढं, त्यांनी विषय काढला. तळेगावात एक जण आहे, बायको गेलेली, सरकारी नोकरी, माणूस शांत आहे. "घरात कुनाला बोललो न्हाई. आधी तुला इचारतुया." हे बोलायला त्यांना किती दिवस लागले असतील. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. शेवटी म्हटलं, "मामंजी, मी दमलेय ओ. परत पयल्यापासनं येका घराला माझं समदं सांगत बसायचं... आता अंगात तेवढं बळ न्हाई." त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. कामशेतला पेरूवाली चढली, तिच्याकडून त्यांनी पेरू घेतले, मला मऊ बघून एक दिला. तो विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. मला कधी पश्चात्ताप झाला का, असं बायका विचारतात. मला विचार करायला सवड झाली नाही, हे खरं उत्तर आहे.

तोवर गावाचं रूप पालटलं होतं. भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहिल्या, विलासभाऊजींनी रस्त्याकडचा तुकडा विकून गाडी घेतली, आणि मागं खोल्यांची रांग झाली. त्यातल्या एकीत अमोल नावाचा अकोल्याचा मुलगा राहायचा, कॉम्प्युटरवाला. त्याला कंपनीनं काही महिने जर्मनीला पाठवलं होतं. परत आला तेव्हा दिवे लागायच्या वेळेला लॅपटॉप घेऊन ओट्यावर आला आणि म्हणाला, "नाना, तुमच्यासाठी एक गंमत आणली आहे." मी भांडी घासत होते. त्यानं स्क्रीन मामंजींकडं वळवली. एका स्वच्छ रस्त्यातून पिवळी गाडी चालली होती, रुळांवरून, बाजूनं माणसं सायकली घेऊन उभी. मामंजी पुढं वाकले.

"ही काय हाय?"

"ट्राम आहे, नाना. मी रोज हिच्यातूनच ऑफिसला जायचो."

"जुना शिनेमा हाय?"

"नाही हो, मागच्या महिन्यात मी स्वतः काढलाय. तिकडं गावोगावी आहे ट्राम. आणि तिकडचं कशाला, आपल्या कोलकात्यातसुद्धा अजून चालते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

गाडीची घंटा वाजली तशी मामंजींनी बोटानं खूण केली, पुन्हा लाव. अमोलनं पुन्हा लावली. असं तीनचार वेळा झालं. मग ते उठून गोठ्याकडं गेले. अमोल मला म्हणाला, "वहिनी, मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल." मी म्हटलं, "हुईल. जरा थांब."

दोन दिवस ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही लोकलमध्ये बसलो. बेगडेवाडीच्या आसपास म्हणाले, "मंगल, चाळीस वर्सं मी धरून चाललो व्हतो, की ती जगातनंच गेली. आमी तिचं शेवटचं लोक. आसं मी समद्यांना सांगत बसायचो."

मी विचारलं, "मग आता बरं वाटलं का वाईट?"

"काय कळंना. दोनी." मग ते हातातली टोपी फिरवत बसले. गाडी घोरावाडीला थांबली, सुटली. म्हणाले, "दत्ता गेला, तवा वाटलं व्हतं समदंच थांबल. मानसं शेतावर जायाची न्हाईत, येश्टी यायाची न्हाई. दुसऱ्या दिशी बगतो तर समदं चालू. आपन मेलो तरी चालू, कोन मेलं तरी चालू. त्याचा मला लई राग आला व्हता. कुनावर काढू, कळंना. म्हनून गाडीत बसायला लागलो."

यांचं नाव त्यांनी माझ्यासमोर घेतलं ते तेव्हा, सहा वर्षांनी. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी रडलं नाही. मला फक्त फार थकवा आला, सगळं अंग जड झालं, आणि लोणावळा येईपर्यंत मी त्यांच्या शेजारच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन झोपले. ते जागे होते.

पुढं मात्र ट्राम पुन्हा सुरू झाली आणि नव्या जोमानं. आता त्यांच्याकडं पुरावा होता. अमोल आणि ते ओट्यावर बसून भांडायचे. अमोल म्हणायचा, आता जमाना मेट्रोचा आहे, वरून पूल बांधून गाडी नेतील. मामंजी म्हणायचे, "वर चढून कोन जातंय? म्हातारं-कोतारं खाली रस्त्यात हुबं ऱ्हानार." रस्ता रुंद करण्यासाठी ग्रामसभा होती, तिथं मामंजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, रुंद करताय तर मधी रूळ टाका. सभा हसली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी "बघू आजोबा, वर कळवतो" असं म्हणून पुढचा विषय घेतला. विलासभाऊजी मान खाली घालून बाहेर गेले. मामंजीही थोडं हसले आणि खाली बसले. घरी येताना मला म्हणाले, "हसू दे. दुसऱ्या गावाला घातली म्हंजी ह्यांनाच पायजे हुईल." रस्ता रुंद झाला. आज त्याच रस्त्यावर मी संध्याकाळी स्कूटीवर एक पाय टेकवून उभी असते. पुढं टँकर, मागं कंपन्यांच्या बसगाड्या, कुणीच हलत नाही. तिथं मला त्यांची आठवण येते. पण चांगली येते असं नाही सांगता येणार, पाठ दुखत असते.

आजार निघाल्यावर डॉक्टरांनी विलासभाऊजींना आणि मला समोर बसवून सांगितलं, ह्या वयात मोठे उपचार झेपणार नाहीत, रक्त चढवत राहू, जितकं जमेल तितकं. मामंजींना आम्ही 'रक्त कमी झालंय' एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मंगलला ठावं हाय, मला न्हाई सांगितलं तरी चालंल." रक्त चढवायला चिंचवडला यायचं. भाऊजी गाडी काढायचे, पण मामंजी गाडीत बसायचे नाहीत. आकुर्डी स्टेशनपर्यंत सोड, तिथून मी लोकलनं जातो. आकुर्डी ते चिंचवड, एक स्टेशन. भाऊजी पहिल्यांदा चिडले, मग त्यांनी गाडी स्टेशनबाहेर लावली आणि स्वतःही बरोबर आले. एवढ्या वर्षांत ते बापाबरोबर लोकलमध्ये कधी बसले नव्हते. शेवटच्या खेपेला पुलाच्या पायऱ्या मामंजींना चढवेनात. भाऊजींनी त्यांना पाठुंगळी घेतलं. स्टेशनवरची माणसं बघत होती. भाऊजी त्या गर्दीतून वाट काढत चालले होते आणि मामंजी त्यांच्या पाठीवरून सांगत होते, "घाई करू नगं, गाडी थांबती." मी मागून पिशवी घेऊन येत होते.

मामंजी घरीच गेले, सकाळी, उन्हाला बसवलं होतं तिथं. आत्याबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांनी हाक मारली नाही, मला बोलावलं नाही. मी बाहेर आले तेव्हा त्या मामंजींची टोपी नीट करत होत्या. एवढंच म्हणाल्या, "बग गं."

सगळं झालं, पाहुणे गेले. मी पुन्हा ड्युटीवर जायला लागले. आत्याबाई जेवायच्या, झोपायच्या, विचारलं तेवढं बोलायच्या. परवाच्या सुट्टीला मी उशिरा उठले. बाहेर आले तर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत भाकरी बांधून ओट्यावर बसलेल्या.

"आज सुट्टी हाय न्हवं तुला?"

"हाय."

"मला त्या गाडीत बशीव."

भाऊजींनी आम्हाला आकुर्डीला सोडलं. गाडी आली तेव्हा आत्याबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. आत चढल्यावर उभ्याच राहिल्या. "ते कुटं बसायचे?" मी खिडकीजवळची जागा दाखवली. गाडी कुठली, डबा कुठला, तो डबा तो नव्हताच, पण मी दाखवली आणि त्या बसल्या. बसून आधी बाक हातानं चाचपलं, मग गज धरला. गाडी सुटली. देहू रोड आलं. "हितं उतरायचं?" मी म्हटलं, "न्हाई, आजून फुडं." तळेगावला पुन्हा, "हितं?" "न्हाई." कामशेतजवळ इंद्रायणी दिसली, तिच्याकडं त्या मान वळवून बघत राहिल्या. समोर एक बाई लहान मुलाला घेऊन बसली होती, तिनं विचारलं, "आजी, कुठं निघालात?" आत्याबाई म्हणाल्या, "कुटं न्हाई. आमची मानसं जायाची हिच्यातनं." आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं वाहत होतं. ती बाई माझ्याकडं बघायला लागली. मी खिडकीकडं तोंड केलं आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते मला आठवत नाही.

लोणावळा आलं. डबा रिकामा झाला, चिक्कीवाले आरडाओरडा करत होते. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "आत्याबाई, उतरा. च्या घेऊ."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ही गाडी माघारी जाती न्हवं?"

"जाती. थोडी थांबून."

"मग उतरायचं कशाला," त्या म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या हातातून घेऊन भाकरी सोडायला लागल्या.